तीन नंबरच्या पिंजऱ्यातले जिताडे का वाढेनात?

गोपाळकाल्याच्या दिवशी अख्खं गाव हंडीखाली जमलं होतं आणि मी मात्र बांधावर बसून मासे तोलत होते. गेल्या वर्षी मी सगळ्यांत वरच्या थरावर चढले आणि नेमकी तिथेच मला शिंक आली. तेव्हापासून मला कोणी थरात घेत नाही. असो. त्या शिंकेचा फायदा असा झाला की ही गोष्ट सुरू झाली तेव्हा मी जागेवर हजर होते.

आधी जागा सांगते. आमचं करंजखार गाव खाडीकाठी आहे. माझे आजोबा लहान होते तेव्हा इथे भातशेती होती. मग समुद्र चढत गेला, एका वर्षी बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि परत गेलंच नाही. दोन वर्षं गावाने त्या पाण्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या वर्षी त्याच पाण्यात जाळीचे तरंगते पिंजरे सोडले आणि जिताडे पाळायला सुरुवात केली. जिताडा म्हणजे खाडीतला रुपेरी, मोठ्या तोंडाचा मासा. त्याला नीट खाऊ घातलं तर तो वर्षात किलोभर होतो. नाही घातलं तर तुमच्या बोटांकडे बघायला लागतो.

पिंजरे पाच, पाच घरांकडे एकेक. तीन नंबरचा पिंजरा मथुराकाकूचा. ती माझी सख्खी काकू नव्हे, पण गावातली निम्मी पोरं तिला काकूच म्हणतात. ती एकटीच राहते. बाकीची चार घरं माशांचं खाणं यंत्रात मळतात. काकू मात्र पितळी परातीत हाताने कालवते, बोराएवढ्या गोळ्या वळते आणि पिंजऱ्याच्या कडेला बसून हाक मारते, "या रं पोरांनो." आणि खरंच, चारशे जिताडे तिच्या पायाशी येतात. बाकी कोणी हाक मारली तर एकही फिरकत नाही. मी मारून पाहिली आहे.

तर त्या दिवशी मी आणि निवटी मासे तोलत होतो. निवटी हे आमच्या मत्स्यसोसायटीच्या यंत्रमानवाचं नाव. खाडीच्या चिखलात उड्या मारत चालणारा निवटी नावाचा मासा असतो, डोकं वर आणि त्यावर डोळे. आमची निवटी तशीच दिसते, फक्त आकाराने कुत्र्याच्या पिल्लाएवढी. ती पाण्यात पोहते, चिखलात चालते आणि माशाला न दुखवता त्याच्या रक्ताचा थेंब घेऊन तपासते. तिला बोलायला कोणी शिकवलं कोण जाणे, पण ती कायम बातम्या दिल्यासारखी बोलते.

"पिंजरा क्रमांक एक, सरासरी दोनशे तीस ग्रॅम," निवटी म्हणाली. "क्रमांक दोन, दोनशे पस्तीस. क्रमांक तीन, एकशे अडुसष्ट."

"परत तोल," मी म्हणाले.

"मी दोनदा तोललं आहे, मनवा."

चार आणि पाच नंबरचे पिंजरेही दोनशे तीसच्या आसपास निघाले. महिन्यापूर्वी पाचही पिंजरे सारखे होते, दीडशे ग्रॅम. म्हणजे बाकीच्यांनी महिन्याभरात ऐंशी ग्रॅम वजन वाढवलं आणि काकूच्या पोरांनी जेमतेम अठरा.

दुपारी हंडी फुटल्यावर हसुराम तांडेल बांधावर आले. हे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. पूर्वी मोठ्या बोटीवर तांडेल (बोटीचा प्रमुख) होते, त्यामुळे जमिनीवरही सगळ्यांशी वाऱ्याच्या वरताण आवाजात बोलतात. त्यांनी आकडे पाहिले आणि निवटीला विचारलं, "आजारी हायत का?"

"आजाराची एकही खूण नाही," निवटी म्हणाली. "मी रक्तातलं वाढीचं संप्रेरकही मोजलं. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागाने रक्तावाटे दुसऱ्या भागाला पाठवलेला रासायनिक निरोप. वाढीचं संप्रेरक 'वाढा' असा निरोप नेतं. तीन नंबरच्या माशांमध्ये ते इतरांच्या जवळजवळ दुप्पट आहे."

"दुप्पट?" तांडेलकाकांच्या भुवया वर गेल्या. "वाढ सगल्यांत कमी आनि वाढवायचा रस दुप्पट?"

"होय."

हे कोडं ऐकून माझं डोकं चक्रावलं. तांडेलकाकांचं मात्र चक्रावलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "मंग बियाणंच खराब. रस भरपूर हाय, तरी मासा वाढत नाय, म्हंजे त्याच्या अंगातच खोट हाय."

आठ दिवसांनी, हरतालिकेच्या आदल्या दिवशी, एका कंपनीची बोट नवी पिल्लं घेऊन आमच्या खाडीत येणार होती. त्या पिल्लांच्या जनुकांत असा बदल केला होता की ती वाढीचं संप्रेरक जन्मापासूनच जास्त बनवतील. तांडेलकाका म्हणाले की त्याच दिवशी सभा घेऊ, तीन नंबर रिकामा करू आणि त्यात ही नवी पिल्लं सोडू. आणि सोसायटीचा नियम असा की ज्याचा पिंजरा मधेच रिकामा करावा लागतो, त्याच्याकडून तो जातो आणि यादीतल्या पुढच्या घराला मिळतो.

मथुराकाकू तिथेच उभी होती. ती खाली बसली, पाण्यात हात घातला, आणि जिताडे तिच्या बोटांशी आले. मला फार वाईट वाटलं. काकूसाठी वाटलंच, पण त्या माशांसाठीही वाटलं. कोणीतरी आपल्याकडे बघून "याच्या अंगातच खोट आहे" असं म्हणावं आणि आपल्याला उत्तरही देता येऊ नये.

सगळे गेल्यावर मी निवटीला म्हणाले, "ही पाचही पिंजऱ्यांतली पिल्लं एकाच मादीची ना?"

"होय. एकाच मादीची, एकाच नराची, एकाच दिवशी जन्मलेली. त्यांची जनुकं पाचही पिंजऱ्यांत सारख्याच तऱ्हेने विखुरलेली आहेत. बियाणं खराब असतं तर ते पाचही ठिकाणी खराब दिसायला हवं."

"मग हे तांडेलकाकांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि दुप्पट संप्रेरकाचं कारण मलाही अजून माहीत नाही. अर्धवट माहितीवर मी वाद घालत नाही."

तेवढ्यात पाण्यापलीकडून आईची हाक आली. "मनवाऽ"

"आले," मी पुटपुटले आणि बसून राहिले. दुसरी हाक आली. मग तिसरी. चौथ्या हाकेला आवाज चढला होता.

निवटीचे दोन्ही डोळे माझ्याकडे वळले. "तुझ्या आईने आत्तापर्यंत चार वेळा बोलावलं आहे. म्हणजे तू चौपट लवकर जाशील का?"

"उलट," मी म्हणाले. "मी जात नाही म्हणून तर ती चार वेळा..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

"पुढे बोल," निवटी म्हणाली.

"म्हणजे हाका जास्त आहेत याचा अर्थ पोर ऐकतंय असा होत नाही. पोर ऐकत नाहीये, म्हणून हाका जास्त आहेत."

"हे तपासता येईल," निवटी म्हणाली. यंत्राला आनंद होतो की नाही मला माहीत नाही, पण ती एक उडी मारून चिखलात जाऊन आली. "माशाच्या मेंदूखाली खसखशीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका. वाढीचं संप्रेरक तीच बनवते. ते रक्तातून यकृतापर्यंत (लिव्हरपर्यंत) जातं. यकृताच्या पेशींवर त्याला ओळखणारे ग्राही असतात. ग्राही म्हणजे ठरावीक संप्रेरकच पकडणारा रेणू, पेशीचा कान म्हण हवं तर. त्या कानाने निरोप ऐकला की यकृत दुसरा एक पदार्थ बनवून रक्तात सोडतं. त्याला आपण वाढघटक म्हणू. खरी वाढ, म्हणजे स्नायूंची आणि हाडांची, मुख्यतः या वाढघटकामुळे होते. आणि तोच वाढघटक परत पीयूषिकेकडे पोचून सांगतो, निरोप मिळाला, आता पुरे."

"आणि तो पोचलाच नाही तर?"

"तर पीयूषिका आणखी संप्रेरक सोडते."

पाचवी हाक आली. या वेळी पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट. मी धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तीन नंबर आणि दोन नंबरच्या पिंजऱ्यांतले पाच-पाच मासे काढले. निवटीने त्यांना भूल देणाऱ्या पाण्यात ठेवलं आणि केसाएवढ्या सुईने यकृताचा कणभर तुकडा घेतला. मी तोवर एकेका माशाला ओल्या फडक्यात धरून होते. तो कल्ला हळूहळू हलवत पडून राहतो तेव्हा त्याचं अख्खं वजन आपल्या तळहातावर येतं. तीन नंबरचे मासे फारच हलके होते. शुद्धीवर आल्यावर सगळे नीट पोहायला लागले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

निवटीचा निकाल तासाभरात आला. "तुझा अंदाज बरोबर आहे. तीन नंबरच्या माशांच्या यकृतात ग्राहींचं जनुक फार कमी वाचलं जातं आहे. वाढघटकाचंही."

"वाचलं जातं म्हणजे? जनुक काय पुस्तक आहे?"

"पाककृतींच्या वहीतली एक पाककृती, असं समज. प्रत्येक पेशीत तीच पूर्ण वही असते. पण पेशीला एखादा पदार्थ बनवायचा असला की ती वही बाहेर नेत नाही, त्या एका पाककृतीची नक्कल उतरवते. नकला जितक्या जास्त, तितका तो पदार्थ जास्त बनतो. मी नकला मोजते. दोन नंबरच्या माशात ग्राहीच्या शंभर नकला सापडतात, तर तीन नंबरच्या माशात तीस."

"पण वही तीच?"

"वही तीच. मी तपासली. एकही पान खराब नाही."

मला एवढं बरं वाटलं की मी निवटीला मिठी मारली. ती चिखलाने माखलेली होती, त्याचं घरी गेल्यावर जे व्हायचं ते झालंच. पण मुद्दा हा, की माशांच्या अंगात खोट नव्हती. जनुक अंगात असणं वेगळं आणि ते वाचलं जाणं वेगळं. आता एकच प्रश्न उरला होता. ती पाककृती उतरवायचं तीन नंबरनेच का सोडलं?

"बहुतेक वेळा अन्नामुळे," निवटी म्हणाली. "अन्न कमी पडलं की शरीर वाढ थांबवून आहे ते राखायला बघतं. तेव्हा यकृत आपले कान मिटून घेतं. हा आळस नव्हे, शहाणपणा आहे. पण पाचही पिंजऱ्यांचं अन्न एकच आहे. वालाचं पीठ, खोबऱ्याची पेंड आणि सुक्या जवळ्याची पूड."

जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबीसारखा जीव. तो उन्हात वाळवून ठेवतात. फार पूर्वी पाळलेल्या माशांना पोत्यांनी छोटी मासळी दळून घालायचे, मग समुद्रातली छोटी मासळी संपत चालली. म्हणून आमच्या सोसायटीने वाल आणि पेंड जास्त आणि जवळा थोडासा, असं खाणं ठरवलं होतं.

"तीन नंबरचे पाच मासे वेगळ्या जाळीत ठेवू," मी म्हणाले. "आणि त्यांना दोन नंबरचं खाणं घालू."

"सभेला सात दिवस उरले आहेत. सात दिवसांत वजनात फारसा फरक दिसणार नाही."

"वजन कशाला? नकला मोज."

"वजन उशिरा कळतं, यकृत आधी सांगतं," निवटी म्हणाली. "हे मला सुचायला हवं होतं."

पाच दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्या जाळीत खाणं टाकलं. सहाव्या दिवशी निवटीने परत सुई टोचली. ग्राहीच्या नकला तीसवरून साठवर आल्या होत्या. रक्तातलं संप्रेरक उतरायला लागलं होतं. यकृताने कान उघडले होते, म्हणून हाका कमी झाल्या होत्या. मासे तेच, पाणी तेच. बदललं होतं फक्त खाणं.

म्हणजे दोन नंबरचं आणि तीन नंबरचं खाणं एकच नव्हतं.

मी काकूच्या परातीतली एक गोळी उचलून आणली आणि निवटीसमोर ठेवली. तिने ती विरघळवून तपासली. "प्रथिनं अमिनो आम्लं नावाच्या लहान तुकड्यांची बनतात," ती म्हणाली. "या गोळीत बहुतेक तुकडे भरपूर आहेत. पण मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल फार कमी आहे, आणि टॉरिन नावाचा त्याचा एक भाऊबंद जवळजवळ नाहीच."

"दोन गोष्टी कमी म्हणून सगळी वाढ अडते?"

"तुमच्याकडे आता मोदक होतील. तांदळाचं पीठ पोतंभर आहे, नारळ ढीगभर आहेत आणि गूळ दहा मोदकांपुरताच आहे. मोदक किती होतील?"

"दहाच."

"उरलेलं पीठ कितीही असो. वालात मेथिओनिन कमी असतं, टॉरिन नसतंच. ही उणीव जवळा भरून काढतो. या गोळीत जवळा नाही. मी सोसायटीच्या नोंदी पाहिल्या, मथुराबाईंनी जवळ्याचा डबा वेळेवर नेला आहे. म्हणून मी धरून चालले की तो घातलाही असणार. ती माझी चूक. पण नेलेला डबा कोणी वापरणार कसा नाही, ते मला कळत नाही."

मला कळलं. निवटीला कळणं शक्यच नव्हतं, कारण निवटी जेवत नाही आणि उपासही करत नाही. मला ते आठ दिवस आधीच कळायला हवं होतं. तेव्हा श्रावण चालू होता.

मी काकूच्या घरी गेले. ती पडवीत खाणं कालवत होती. जवळ्याचा डबा पडवीच्या बाहेरच्या वाशाला फडक्यात गुंडाळून टांगलेला होता, घरातही नाही आणि पार बाहेरही नाही.

"काकू, यात जवळा नाही घालत?"

"श्रावनात जवल्याला हात कसा लावू गो?" ती म्हणाली. "त्या यंत्रवाल्यांचं बरं हाय, बटन दाबलं की झालं. मी हातानं कालवतंय. आनि माजा नेम तर गनपती जाईपर्यंत असतो. पन पोरांना कमी पडू नये म्हनून मूठभर वाल वरतून घालतंय, माज्या घरचे. बघ किती प्रेमानं खातात."

मूठभर वाल. स्वतःच्या जेवणातले. मी "हो" म्हणाले आणि निघाले. बांधापर्यंत कशीबशी पोचले आणि मग मला रडू आलं. काकूने आपल्या पोरांना सगळं दिलं होतं, फक्त त्यांना जे हवं होतं तेच राहून गेलं होतं. आणि हे सभेत सांगायचं म्हणजे अख्ख्या गावासमोर सांगायचं की हे हिनेच केलं. नाही सांगितलं तर उद्या पिंजरा रिकामा होणार.

"तू सांगणार का?" मी निवटीला विचारलं.

"विचारलं तर खरं सांगेन. विचारायच्या आधी कोणी बोलायचं, ते तू ठरव. मला त्यातलं फारसं समजत नाही."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या शेडमध्ये सभा भरली. कंपनीची बोट खाडीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. मी उभी राहिले. एकदा बोलायला लागल्यावर मला कोणी थांबवू शकत नाही, हे गावाला माहीत आहे. मी आईच्या हाका सांगितल्या, आई पहिल्याच रांगेत होती, ती हसली. मी पीयूषिका सांगितली, यकृताचे कान सांगितले, नकला सांगितल्या, वेगळ्या जाळीतले पाच मासे सांगितले. मोदकही सांगितले. "बियाणं चांगलं आहे," मी शेवटी म्हणाले. "खाण्यात एक गोष्ट कमी पडली, एवढंच."

तांडेलकाका लक्ष देऊन ऐकत होते. मान्य करायला हवं, माणूस आरडाओरडा करतो, पण ऐकतोही. "आनि ती नवी पिल्लं?" त्यांनी निवटीला विचारलं. "त्यांच्यात रस जास्तच हाय. ती तरी वाढतील ना?"

"पूर्ण अन्न मिळालं तर कदाचित लवकर वाढतील," निवटी म्हणाली. "तीन नंबरचं अन्न मिळालं तर त्यांच्यातही हाका वाढतील आणि कान मिटतील. मासा बदलून अन्नातली उणीव भरत नाही."

तांडेलकाकांनी दाढी खाजवली. "बरं. काय कमी पडलं? आनि कोनी कमी केलं?"

शेडमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. निवटीचे डोळे माझ्यावर होते. मी खाली बघितलं.

"पोरी," मागून मथुराकाकूचा आवाज आला. "तो तुजा मोदकातला गूल... तो जवला का?"

मला वर बघवेना. मी मानेनेच "हो" म्हटलं.

काकू उठून उभी राहिली. "मीच नाय घातला," ती सगळ्यांना म्हणाली. "श्रावन होता म्हनून. मना वाटलं महिन्याभरानं काय होतंय. त्यांच्यात खोट नाय, तांडेल. मीच चुकले. पिंजरा कोनालाबी द्या, पन त्यांना काढू नका."

माझी आई उठली आणि काकूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग आणखी दोघी उठल्या. श्रावणात जवळ्याला हात न लावणारी गावात ती काही एकटी नव्हती, फक्त बाकीच्यांकडे बटण होतं.

तांडेलकाकांनी निवटीला विचारलं, "आता जवला घातला तर ते वाढतील?"

"ज्या माशांना काही आठवडेच अन्न कमी पडलं, ते पुरेसं अन्न मिळाल्यावर बहुधा काही काळ इतरांपेक्षा वेगाने वाढतात आणि बरीच तूट भरून काढतात. त्या पाच माशांनी सुरुवात केली आहे. चारशेच्या चारशे भरून काढतील, असं वचन मी देणार नाही."

"मी बत्तीस वर्षं बोट चालवली," तांडेलकाका म्हणाले. "समुद्रानंबी मना कंदी वचन दिलं नाय." आणि त्यांनी आवाज चढवून पोरांना हुकूम सोडला की बोटवाल्यांना जाऊन सांगा, आमचे पाचही पिंजरे भरलेले आहेत. तीन नंबर मथुराकडेच राहील.

त्यानंतर मी आणि निवटीने एक नवं काम काढलं आहे. काही लाल शेवाळांत टॉरिन असतं आणि यीस्टच्या टाकीत मेथिओनिन बनवता येतं, असं निवटी सांगते. दोन्ही जमलं तर जवळ्याची गरज आणखी कमी होईल, जवळा समुद्रातल्या माशांना राहील आणि माशांचं खाणं श्रावणातही हाताने कालवता येईल. सध्या आमच्याकडे बांधावर शेवाळाची तीन मडकी आहेत. त्यातल्या एकातलं शेवाळ मेलं आहे. पण दोन मडक्यांतलं चांगलं लाल झालंय, आणि पुढच्या श्रावणाला अजून खूप महिने आहेत.

पण त्या दिवसाचं शेवटचं राहिलं. सभा संपल्यावर बाकीच्या चारही घरांच्या बायका काकूला म्हणाल्या की गणपती जाईपर्यंत आम्ही यंत्रात मळून देतो, तू नुसतं टाक. मीही म्हणाले, काकू, मी कालवते, माझा कुठे नेम आहे. काकू कोणाचंच न ऐकता घरी गेली आणि परत आली ती परात घेऊन, आणि काखेत तो डबा. पिंजऱ्याच्या कडेला बसून तिने फडकं सोडलं. वाळल्या जवळ्याचा वास सुटला. तिने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, आणि मूठभर पूड परातीत टाकून कालवायला लागली.

"काकू, तुझा नेम मोडला," मी म्हणाले.

"उपास मी धरला होता, मनवा," ती म्हणाली. "त्यांना कोनी विचारलं होतं?"

मग तिने पहिली गोळी वळली आणि पोरांना हाक मारली.